शंभर वॅटची बॅटरी, तीनशे मिली पाणी

शंभर वॅटचा एलईडी काडेपेटीपेक्षा फार मोठा नसतो. खाली तांब्याची चपटी पट्टी, तिच्यावर पिवळ्या जेलीसारखा चौकोन आणि दोन बाजूंना अधिक-उणेची टोकं. त्या पिवळ्या चौकोनाखाली दहा रांगांत दहा-दहा अशा शंभर बारीक चिप्स बसवलेल्या असतात. तिथून निघणारा उजेड मुळात निळा असतो. त्यातला काही पिवळ्या थरात शिरून पिवळा होतो, काही निळाच बाहेर येतो, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. तीस-बत्तीस व्होल्ट आणि तीन अँपिअर दिले की खोलीत ट्यूबलाइट चालू आहे की बंद, हे कळेनासं होतं.

हीच पट्टी नुसती टेबलावर ठेवून पूर्ण वीज दिली, तर ती अर्धा मिनिटही धड टिकायची नाही. शंभर वॅटमधले जेमतेम तीस-पस्तीस उजेड होऊन बाहेर पडतात, उरलेल्या पासष्ट वॅटची नुसती उष्णता होते. पट्टीचं वजन तीसेक ग्रॅम. एवढ्याशा तांब्यात पासष्ट वॅट ओतले की तापमान सेकंदाला पाच-साडेपाच अंशांनी चढतं. आपण डोळे मिचकावत ‘वा, काय उजेड आहे’ म्हणेपर्यंत चिपने शंभरी ओलांडलेली असते. दीडशेच्या आसपास पिवळा थर काळवंडतो, आतल्या केसाएवढ्या तारा सुटतात आणि एकेक रांग विझत जाते.

माझ्या भाच्याने असा एलईडी घेऊन हातात धरायची बॅटरी करायला घेतली, आणि तीही पाण्याने थंड होणारी, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो कुणीही विचारेल तोच. विजेच्या वस्तूत पाणी कशाला घालतोस? त्याने मान वर न करता सांगितलं, “मामा, उजेड विकत मिळतो. उष्णता घालवणं विकत मिळत नाही, ते करायला लागतं.” भाचा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि अशी वाक्यं त्याला आवडतात. पण हे वाक्य खरं होतं, हे त्याच्या मागे मागे फिरताना हळूहळू पटत गेलं.

आपल्या पिढीला जुना पिवळा बल्ब तापतो एवढं माहीत असतं आणि एलईडी ‘थंड’ असतो असंही आपण ऐकलेलं असतं. दुसरी समजूत अर्धीच खरी आहे. बल्बच्या तारेला तापायचंच असतं. ती अडीच हजार अंशांच्या आसपास पोचल्याशिवाय उजेडच देत नाही, आणि तिची बहुतेक उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात समोरच्या भिंतीवर, आपल्या अंगावर जाऊन पडते. ती उष्णता बल्बला कुठे नेऊन सोडावी लागत नाही. एलईडीच्या उजेडात मात्र अवरक्त भाग जवळजवळ नसतो, म्हणून त्याच्यासमोर हात धरला तर हाताला फारसं काही लागत नाही. सगळी उष्णता पाठीमागे साचते आणि ती धातूला धातू भिडवून, ओळीने एकेका थरातून बाहेर काढावी लागते. घरातला नऊ वॅटचा बल्ब उघडला तर पांढऱ्या प्लास्टिकच्या आत ॲल्युमिनियमची वाटी दिसते, ती याचसाठी. हे बल्ब वर्षा-दोन वर्षांत मरतात तेव्हा बहुतेक वेळा आतले एलईडी शाबूत असतात. बंद शेडमध्ये कोंडलेल्या उष्णतेने मागच्या सर्किटमधला कपॅसिटर आधी सुकतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्या कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या धंद्यातला जुना हिशेब आहे.

निळा एलईडी साधण्यात किती वर्षं गेली हे सांगायला स्वतंत्र लेख लागेल. लाल एलईडी १९६२ मध्ये अमेरिकेत निक होलोन्याक यांनी दाखवला. भरपूर उजेड देणारा निळा यायला १९९३ उजाडलं. तो जपानमधल्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी साधला. इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो हे दोघे त्याच वाटेवर आधीपासून चालत होते. तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यानंतर किंमत कशी कोसळली ते आपण घरात पाहिलं आहे. सरकारच्या उजाला योजनेसाठी एका बल्बची खरेदी-किंमत २०१४ मध्ये तीनशे रुपयांच्या वर होती, ती दोन-तीन वर्षांत चाळिशीच्या आत आली. शंभर वॅटची चिप आज पोराटोरांच्या हातात पडते आहे, ती या घसरगुंडीमुळेच.

पुण्यात अशा वस्तूंचा शोध तपकीर गल्लीत सुरू होतो. बुधवार पेठेतली ही अरुंद गल्ली म्हणजे रेझिस्टरपासून लाउडस्पीकरपर्यंत सगळ्याचं कोठार. तिथल्या काउंटरवर ‘शंभर वॅट’ मागितलं की दुकानदार आधी ‘स्ट्रीट लाइटचा की फ्लडचा?’ असं विचारतो, मग दोन-तीन जाती समोर टाकतो. वजनावरून माल ओळखायचा, हे भाच्याला कुणीतरी शिकवलं होतं. तांब्याच्या पट्टीची चिप हाताला जड लागते. स्वस्तातली ॲल्युमिनियमची असते आणि तिच्यात चिप्सही लहान घातलेल्या असतात. नावाला शंभर वॅट, पण पंचाहत्तरच्या वर नेली की धापा टाकते. रेडिएटरसाठी आम्ही नाना पेठेत गेलो. मोटारसायकलींच्या सुट्या भागांच्या त्या बाजारात पाण्याने थंड होणाऱ्या बाइकचे जुने रेडिएटर मिळतात. पण ते या कामाला फार मोठे निघाले. शेवटी कॉम्प्युटरमध्ये बसतो तो बारा सेंटिमीटरच्या पंख्याचा ॲल्युमिनियमचा रेडिएटर घेतला. पंप बारा व्होल्टचा, मुठीएवढा. नळ्या सिलिकॉनच्या. पाणी मात्र बॅटरीच्या दुकानातलं, इन्व्हर्टरमध्ये घालतात ते डिस्टिल्ड.

चिपच्या पाठीमागे बसणारा, ज्याच्या पोटातून पाणी वाहतं तो ठोकळा बाजारात आयता मिळतो, पण तो चार सेंटिमीटर चौरस असतो आणि या चिपची पट्टी त्याच्याबाहेर लोंबते. म्हणून भोसरीतली मिलिंगची शेड गाठली. तिथल्या काकांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, “तांब्यात नको करू. तांबं चिकट असतं, टूलला धरून बसतं. ॲल्युमिनियमचा घे.” भाच्याला तांबंच हवं होतं. तांबं ॲल्युमिनियमच्या पावणेदोन पट चांगलं उष्णतावाहक आहे, हे त्याने पाठ केलं होतं. पण काकांचा सल्ला वेगळ्याच कारणाने बरोबर ठरला. रेडिएटर ॲल्युमिनियमचा, ठोकळा तांब्याचा आणि दोघांमध्ये तेच पाणी फिरतंय म्हटल्यावर एक बारीकशी विजेची बॅटरीच तयार होते. तीत ॲल्युमिनियम झिजत जातं, पांढरा गाळ धरतो आणि काही महिन्यांत रेडिएटरच्या केसभर नळ्या तुंबतात किंवा गळायला लागतात. पाणी डिस्टिल्ड घातलं तरी ते तसं राहत नाही, धातू त्यात हळूहळू उतरतातच. मोटारीच्या कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं घालतात ती याचसाठी. शेवटी ठोकळाही ॲल्युमिनियमचा झाला. आतून नागमोडी चर, वर झाकण, मध्ये ओ-रिंग, कडेने आटे पाडून बसवलेले स्क्रू.

आता पाण्याच्या हिशेबाकडे येऊ, कारण इथे लोकांची सर्वांत मोठी गफलत होते. पाणी उष्णता नाहीशी करत नाही. ते हमाल आहे. एका जागेवरून ओझं उचलतं आणि दुसऱ्या जागी नेऊन टाकतं. हमाल म्हणून त्याच्या तोडीचं दुसरं काही सहज मिळत नाही हे खरं. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला जवळपास ४,२०० ज्यूल लागतात. तेवढ्याच आकारमानाच्या हवेला सव्वा ज्यूल पुरतो. म्हणजे मिनिटाला एक लिटर पाणी फिरवलं तर आपले पासष्ट वॅट घेऊन जाताना ते एका अंशानेसुद्धा तापत नाही. पंप लहान असला तरी चालतो तो यामुळेच.

पण टाकायला जागाच नसेल तर? या बॅटरीच्या सगळ्या पोटात मिळून तीनशे मिली पाणी मावतं. रेडिएटर काढून टाकला तर ते मिनिटाला तीन अंशांनी तापत जाईल. तीस अंशांवर सुरू केलं तर दहा मिनिटांत साठ. ‘वॉटर-कूल्ड’ असं लिहून एका डब्यात पाणी भरून त्यात एलईडी बुडवणारे हौशी लोक असतात. त्यांची बॅटरी पाच मिनिटांच्या व्हिडिओपुरती उत्तम चालते, ती या गणितामुळे. खरं काम रेडिएटरच्या पातळ पत्र्यांवरून फुंकर मारणारा पंखा करतो. म्हणजे शेवटी सगळी उष्णता हवेतच जाते. पाण्यामुळे एवढंच झालं की ती चिपच्या पाठीवर न सोडता वीतभर लांब, ऐसपैस जागेत सोडता आली. पंखा चालू असताना या जोडणीतलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी वर जाऊन स्थिरावतं. एप्रिलच्या दुपारी चाळीस अंशांत ते पंचावन्नला जाईल. पण एप्रिलच्या दुपारी बॅटरी कोण लावतो?

पाण्याचं, पंपाचं, रेडिएटरचं एवढं कौतुक केल्यावर एक गोष्ट कबूल करायला हवी. हा सगळा पसारा जिच्यावर अवलंबून असतो ती वस्तू म्हणजे चिप आणि ठोकळा यांच्यामधली कागदापेक्षा पातळ फट. दोन सपाट धातू एकमेकांवर ठेवले तरी ते खऱ्या अर्थाने टेकतात फार थोड्या ठिकाणी, बाकी मध्ये हवा राहते. हवा उष्णतेच्या बाबतीत फार कद्रू आहे. ॲल्युमिनियमच्या तुलनेत तिची वाहकता हजारो पटींनी कमी. चिपखालच्या फटीत मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी जरी हवेची चादर राहिली, तर पासष्ट वॅट ढकलायला शेकडो अंशांचा फरक लागेल. म्हणजेच चिप जळेल आणि पलीकडचं पाणी मजेत गार राहील. थर्मल पेस्ट लावतात ती ही हवा हाकलायला. चांगली पेस्ट पातळ लावली तर तिच्यापायी दोन-तीन अंशच खर्च होतात. हलकी पेस्ट लोण्यासारखी जाड थापली तर तीस-चाळीस अंश जातात. भाच्याने काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर ठोकळ्याची बाजू गोल गोल घासली, आधी जाड कागद, मग बारीक, शेवटी पाणी घालून. खांदे भरून येईपर्यंत. मला विचाराल तर सगळ्या बॅटरीतलं सर्वांत मोलाचं काम हेच होतं, आणि तयार वस्तूत ते दिसतही नाही.

हातात धरायच्या वस्तूत पाणी घालण्याची एक अडचण मोटारीला कधीच येत नाही. मोटारीचा रेडिएटर कायम उभा असतो, हवेचा बुडबुडा वर जाऊन बसतो आणि तिथेच राहतो. बॅटरी मात्र कधी आभाळाकडे रोखली जाते, कधी विहिरीत. आत बुडबुडा राहिला तर तो फिरत फिरत पंपात शिरतो, पंप कोरडा घरघरतो, पाणी थांबतं आणि चिपला ते कळायला काही सेकंद पुरतात. म्हणून हवा पूर्ण काढायची. बॅटरी वळवत, हलवत, नळ्या चिमटीत दाबत, शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत पाणी भरत राहायचं. पण गच्च भरलं तर दुसरीच पंचाईत होते. तीसवरून साठ अंशांवर जाताना पाणी सव्वा टक्क्याने फुगतं. तीनशे मिलीत चार मिली. ऐकायला हे काहीच नाही, पण बंद कडक भांड्यात हेच चार मिली सर्वांत कच्चा सांधा शोधून बाहेर येतात. सिलिकॉनची मऊ नळी थोडी ताणली जाते म्हणून निभावतं. प्लास्टिकची कडक नळी वापरली असती तर नसतं निभावलं. शिवाय पाण्याचं तापमान पाहून वीज तोडणारा थर्मल स्विच असतो, तसा एक ठोकळ्यावर बसवलेला बरा. पंप केव्हाही बंद पडू शकतो.

वीज कुठून आणायची, हा भाग मला थोडक्यात उरकायचा आहे, कारण इथे कौतुकापेक्षा धोका जास्त आहे. लॅपटॉपच्या पॅकमध्ये असतात त्या १८६५० नावाच्या लिथियम सेल, चार एकापुढे एक आणि तशा तीन ओळी. एकूण बारा. चौदा-पंधरा व्होल्ट मिळतात, ते बूस्ट सर्किटने बत्तिसावर चढवायचे. सर्किट प्रवाह बांधून ठेवणारं हवं, नुसता व्होल्टेज बांधणारं चालत नाही. एलईडी तापला की त्याला कमी व्होल्टेज पुरतो. व्होल्टेज तोच ठेवला तर प्रवाह वाढतो, प्रवाह वाढला की तो आणखी तापतो, आणि हे चक्र चिप संपल्यावरच थांबतं. चिप, सर्किटची गळती, पंप, पंखा मिळून एकशेवीस वॅट. अडीच हजार मिलिअँपिअर-तासांच्या बारा सेलमध्ये सुमारे एकशे दहा वॅट-तास असतात, म्हणजे बॅटरी चालते तास भरायच्या आत. बाजारात याच आकाराच्या सेलवर ‘९९००’ असा आकडा छापलेला दिसतो. तो धादांत खोटा असतो. या आकारात चांगल्या कंपन्यांच्या बहुतेक सेलही साडेतीन हजारांच्या आसपास थांबतात.

मग एका रात्री सासवडच्या पुढच्या माळावर ही बॅटरी लावली. जड, बोजड, खांद्याला पट्टा, पाठीमागे पंख्याची घरघर. पेटली तेव्हा अख्खा माळ पांढरा झाला. बोरीची झाडं, दगड, लांबच्या बांधावरचं गवत, सगळं एकदम. दिवाळीत पोरं ओरडतात तसे आम्ही ओरडलो हे खरं आहे. मग भाच्याने खिशातली बोटभर लांबीची विकतची बॅटरी काढली आणि लांबच्या टेकाडावर मारली. आमचा शंभर वॅटचा झोत तिथे पोचता पोचता विरत होता. त्या चिमुकलीचा ठिपका टेकाडावर स्पष्ट पडला.

हे अपेक्षितच होतं, पण डोळ्यांनी पाहिलं की जास्त पटतं. एकूण उजेड किती, हे ल्युमेनमध्ये मोजतात. एका दिशेला किती तीव्र, हे कँडेलामध्ये. आमच्या चिपचे आठेक हजार ल्युमेन साठ अंशांच्या शंकूत पसरले की समोर नऊ-साडेनऊ हजार कँडेला येतात. बॅटरीचा पल्ला मोजताना झोत पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, म्हणजे पाव लक्स, उरेल तिथपर्यंतचं अंतर धरतात. त्या हिशेबाने आमचा पल्ला दोनशे मीटर. हजार ल्युमेनच्या लहान बॅटरीतली चिप दोन-तीन मिलिमीटरची असते. एवढ्याशा ठिपक्यातला उजेड आरशाने नीट गोळा करता येतो, चाळीस हजार कँडेला सहज मिळतात आणि पल्ला चारशे मीटरवर जातो. आमचा चौकोन वीस मिलिमीटरचा. तो तसा एकवटायचा तर आरसा परातीएवढा लागेल. उजेड जिथून निघतो ती जागा जितकी मोठी, तितका झोत पसरणार, या नियमापुढे वॅट वाढवून काही चालत नाही. ऑगस्टिन फ्रेनेलची भिंगं १८२३ मध्ये फ्रान्सच्या कॉर्दुआँ दीपगृहावर चढली, तेव्हा आत तेलाचा दिवाच होता. लांब पोचवलं ते भिंगांनी. गणपतीच्या मिरवणुकीत आभाळात काठीसारखे उभे राहणारे शार्पी दिव्यांचे झोतही याच गोळा करण्यामुळे तसे दिसतात. मिरवणुकीतल्या लेझरने डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आपण गेली काही वर्षं वाचतो आहोतच. शंभर वॅटचा एलईडी लेझर नाही, पण जवळून त्याच्याकडे पाहणं तितकंच मूर्खपणाचं.

मग पाण्याची गरज होती का? खरं सांगायचं तर शंभर वॅटला नव्हती. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर बसतो तो तांब्याच्या हीटपाइपचा हवेवर चालणारा कूलर एवढी उष्णता आरामात घालवतो. त्याला पंप नाही, सांधे नाहीत, गळती नाही. चीनच्या इमालेंट कंपनीने २०१९ मध्ये एक लाख ल्युमेनची हातात मावणारी बॅटरी बाजारात आणली, तिच्यातही पाण्याचा पंप नाही. पंखे आणि हीटपाइप आहेत. तीसुद्धा पूर्ण तेजाने फार वेळ चालत नाही, तापली की स्वतःच उजेड कमी करते. कॅनडातल्या हॅकस्मिथ नावाच्या गटाने तीनशे एलईडींची, पाच लाख ल्युमेनच्या वरची प्रचंड बॅटरी करून गिनीज बुकात विक्रम नोंदवला आहे. पाण्याचं खरं मोल कळतं ते तीनशे-पाचशे वॅटच्या पुढे, किंवा पुढचं डोकं लहान ठेवून उष्णता पाठीवरच्या पिशवीत नेऊन टाकायची असेल तेव्हा. त्याच्या खाली ही हौस आहे, आणि हौस म्हणून ती उत्तम आहे. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात उष्णतावहन आणि विशिष्ट उष्णता हे दोन धडे भाच्याने दहावीतच संपवले होते. त्यांचे आकडे हाताला चटका देतात हे त्याला आता कळलं.

ट्रेकला जायचं असेल, शेतावर रात्रीची मोटर लावायला जायचं असेल तर चांगल्या कंपनीची हजार ल्युमेनची लहान बॅटरी घ्या, दोन जादा सेल खिशात ठेवा. मे अखेरीला काजवे पाहायला जाताना तर कुठलीच मोठी बॅटरी नेऊ नका. काजव्यांचा सगळा व्यवहार एकमेकांच्या उजेडावर चालतो आणि आपला एक झोत तो बंद पाडतो.

आणि ज्यांना तरीही हे घरी करायचंच आहे, त्यांनी पाणी भरल्यावर लगेच चिप जोडू नये. नुसता पंप जोडून, खाली वर्तमानपत्र अंथरून रात्रभर चालू ठेवा. सकाळी कागदावर एक जरी ओला डाग दिसला तर सांधे उघडून परत बसवा. लिथियमचा पॅक मात्र घरी सोल्डरिंग करून जोडू नका. स्पॉट वेल्डिंग करणाऱ्या माणसाकडून, संरक्षक सर्किटसह बांधून घ्या, आणि चार्जिंगला लावून झोपू नका.